प्रोटोटाइप कॅसेट सांगलीच्या हवेत टिकवायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाडपासून वर साताऱ्यापर्यंत जुने व्हिडिओ गेम जमवणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. साध्या कॅसेटबद्दल फारसं कुणी विचारत नाही, त्या दणकट असतात. प्रश्न सुरू होतात ते कुणाच्या हातात एखादी प्रोटोटाइप आली की. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

प्रोटोटाइप कॅसेट आणि दुकानातली कॅसेट यांत फरक काय?

दुकानातल्या कॅसेटमध्ये मास्क रॉम असतो. गेमची माहिती कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरून टाकलेली असते, त्यामुळे ती सहसा पुसली जात नाही. मास्क रॉमचा साचा बनवून घेणं खर्चाचं काम होतं आणि त्यात महत्त्वाचे आठवडे जायचे. म्हणून गेम पुरा होईपर्यंत कंपन्या पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर काम भागवायच्या. अशा चिपला ईप्रॉम म्हणतात. तिच्यात माहिती विद्युतभार म्हणून साठते आणि पाठीवर ती पुसण्यासाठी काचेची छोटी खिडकी असते, तिच्यातून ऊन गेलं तरी चिप पुसू शकते. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती १९७१ मध्ये आणली. प्रोग्रॅमरला तपासायला, मासिकाला परीक्षणासाठी, प्रदर्शनात मांडायला म्हणून थोड्याच कॅसेट हाताने जुळवल्या जायच्या. त्याच आज प्रोटोटाइप म्हणून ओळखल्या जातात.

गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्राच्या आणि त्यानंतरच्या काळात ईप्रॉमची जागा फ्लॅश मेमरीने घेतली. तिला खिडकी नसते, म्हणून उन्हाची भीती नाही. पण साठवलेला विद्युतभार हळूहळू गळण्याचा रोग तिलाही आहेच.

आठवडी बाजारात हाताने नाव लिहिलेली कॅसेट मिळाली. प्रोटोटाइप असेल का?

बहुतेक नसेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर जे टीव्ही गेम होते, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेट ६० पिनांच्या. दुकानदार त्या भाड्याने द्यायचे आणि स्टिकर फाटला की स्केचपेनने नाव लिहायचे. कॅसेट उघडल्यावर आतल्या सर्किटच्या पट्टीवर चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा गोल थेंब दिसला, तर ती स्वस्तातली नक्कल आहे. खुशाल खेळा.

खरी प्रोटोटाइप उघडली की वेगळंच दिसतं. हिरव्या पट्टीवर एक किंवा अनेक लांबट चिपा, बऱ्याचदा सॉकेटमध्ये बसवलेल्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर छोटा कागदी स्टिकर, त्यावर पेनने लिहिलेली तारीख, आवृत्ती किंवा चार-आठ अक्षरांचा चेकसम, म्हणजे माहिती बरोबर आहे का ते ताडायचा आकडा. स्टिकरची कड किंचित उचलली की खाली गोल काच दिसते. ती क्वार्ट्झची असते. भिंगातून पाहिलं तर आत नखाच्या टोकाएवढं चकचकीत सिलिकॉन आणि कडांना जोडलेल्या केसाहून बारीक तारा दिसतात. पाहून झालं की लगेच झाका. का, ते पुढे येईल.

बनावट कशी ओळखायची?

आधी चिपवरचा तारखेचा आकडा बघा. ९१२३ म्हणजे १९९१ सालचा २३वा आठवडा. गेम १९९० मध्ये संपला असं विकणारा सांगतो आणि चिप ९४ सालची निघते, तर व्यवहार थांबवा. उलट चिप गेमपेक्षा जुनी असेल तर त्यात वावगं काही नाही, कारण ईप्रॉम पुसून पुसून वापरल्या जायच्या. सोल्डर ताजं, चमकदार आणि भोवती चिकट फ्लक्स असेल तर सावध व्हा. मात्र शेवटचा कौल आतली माहितीच देते. चिपमधून संगणकावर वाचून घेतलेली फाइल बाजारातल्या गेमशी शब्दशः जुळली, तर एक तर ती अगदी शेवटच्या टप्प्याची परीक्षण प्रत आहे किंवा कुणीतरी इंटरनेटवरची फाइल चिपवर चढवली आहे. मग कॅसेट कुणाकडून कुणाकडे आली याचा माग लागल्याशिवाय मोठी रक्कम मोजू नका.

हातात आल्यावर पहिलं काम कोणतं?

ती वाचून घेणं. डबा, पिशवी, कपाट हे सगळं नंतर. प्लॅस्टिकचं कवच आणखी पन्नास वर्षं तग धरेल, आतला गेम धरेलच असं नाही. लोक काचेचं शोकेस करायला सुताराकडे आधी जातात आणि चिप वाचायला दिवाळीनंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा करा.

इतर लोकांनी वेळेवर वाचून ठेवल्या म्हणून काय काय बचावलं ते बघा. 'स्टार फॉक्स २' हा निन्टेन्डोचा गेम १९९५ मध्ये जवळजवळ तयार होऊन रद्द झाला. अधिकृतपणे तो लोकांच्या हाती पडला थेट २०१७ मध्ये, एसएनईएस क्लासिक या यंत्रासोबत, पण मधल्या काळात चाहत्यांना तो माहीत होता तो प्रोटोटाइपच्या प्रतींमुळे. निन्टेन्डोच्या 'मदर' या गेमचं इंग्रजी रूप १९९० च्या सुमारास तयार होऊन पडून राहिलं. प्रोटोटाइप कॅसेटमधून १९९८ मध्ये ते बाहेर आलं आणि कंपनीने स्वतः ते विकायला काढलं २०१५ मध्ये. एनईएस या निन्टेन्डोच्याच यंत्रावरचा कधीच न आलेला 'सिमसिटी' अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने प्रोटोटाइपवरून २०१८ मध्ये जतन केला.

चिप आपोआप पुसते म्हणजे नक्की काय होतं?

ईप्रॉममध्ये प्रत्येक बिटसाठी एक तरंगती फाटक-पट्टी असते, चारही बाजूंनी काचेसारख्या थराने वेढलेली. लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडतात. कोंडले तर ०, नाही तर १. हे इलेक्ट्रॉन अडकून बसतात, पण माठातून पाणी पाझरावं तसे वर्षानुवर्षं किंचित किंचित बाहेर पडतात. जुन्या डेटाशीटमध्ये साधारण दहा वर्षं टिकण्याची हमी मिळायची. प्रत्यक्षात तीस-पस्तीस वर्षांच्या कित्येक चिपा अजून नीट वाचता येतात, आणि काही येत नाहीत. तुमची कोणत्या गटातली आहे ते वाचल्याखेरीज कळत नाही. उष्णता वाढली की ही गळती वाढते, म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर कॅसेट ठेवणं सगळ्यात वाईट.

दुसरा शत्रू प्रकाश. ती काच मुद्दाम ठेवलेली असते, चिप पुसण्यासाठी. यूव्ही इरेजरच्या दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरली की सगळे बिट १ होतात आणि चिप कोरी होते. कोरी चिप वाचली की फाइलभर फक्त 'एफएफ' दिसतं. इंटेलच्या जुन्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असायचं की उघड्या खिडकीची चिप थेट उन्हात साधारण एका आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण तीन वर्षांत पुसू शकते. घरातल्या एलईडी दिव्यातून असे किरण नगण्य येतात, त्याची चिंता नको. सांगलीचं ऊन मात्र नगण्य नाही.

खिडकीवरचा स्टिकर सुटत चालला आहे. काढून नवा लावू का?

जुना काढू नका. त्यावरचं अक्षर, तारीख, चेकसम हाच त्या कॅसेटचा जन्मदाखला आहे. आपल्या उन्हाळ्यात डिंक वाळून तपकिरी होतो, कड वर वळते आणि एक दिवस स्टिकर आपोआप खाली पडलेला सापडतो. आधी चांगल्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो घ्या. मग स्टिकरवर पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचा तुकडा ठेवून वरून अपारदर्शक कागदी पट्टी लावा. पट्टीचा डिंक फक्त चिपच्या कडेच्या काळ्या भागावर टेकला पाहिजे, जुन्या कागदावर नाही.

चंदेरी थराचे स्टिकर प्रकाश उत्तम अडवतात, पण धातूचा थर पिनांना टेकला तर शॉर्ट होतो. खिडकीपुरताच कापा. वायरमनची काळी टेप अजिबात नको. मे महिन्यात तिचा डिंक पाझरून सगळीकडे पसरतो आणि तो काढता काढता लेबलही हातात येतं.

वाचायची कशी? यंत्र कोणतं?

दोन वाटा आहेत. चिपा सॉकेटमध्ये असतील तर त्या हलक्या हाताने उपसून ईप्रॉम प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे चिपा वाचायच्या-लिहायच्या यंत्रात, वाचता येतात. टीएल८६६ किंवा त्याच्या पुढचा टी४८ हे प्रोग्रॅमर आपल्याकडे मोबाइल आणि गाड्यांचे ईसीयू (इंजिनाचे संगणक) दुरुस्त करणाऱ्यांकडे सर्रास असतात. सांगलीत एखाद्या ओळखीच्या कारागिराकडे तासाभरासाठी मिळून जातो. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नका, पिना वाकतात. चिप काढायचा चिमटा वापरा, किंवा दोन्ही टोकांनी आळीपाळीने केसभर केसभर उचला. कुठली चिप कुठल्या सॉकेटमधली आणि तिची खाच कोणत्या बाजूला, याचा फोटो आधी काढा.

चिपा पट्टीवर सोल्डर केलेल्या असतील तर त्या उतरवू नका. कडेच्या सोनेरी पट्ट्यांतूनच वाचा. त्यासाठी सान्नी कार्ट रीडर हे आर्डुइनोवर चालणारं मुक्त स्रोत यंत्र चांगलं आहे, आणि गेमबॉयसाठी जीबीएक्सकार्ट. प्रोटोटाइपची पट्टी बाजारातल्या पट्टीसारखीच जोडलेली असते असं नाही, त्यामुळे फाइल अर्धवट किंवा दुप्पट लांबीची आली तर दचकू नका.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह यंत्राच्या प्रोटोटाइपमध्ये बऱ्याचदा दोन चिपा जोडीने काम करतात. एकीत सम पत्त्यांचे बाइट, दुसरीत विषम. दोन्ही स्वतंत्र वाचून नंतर एकाआड एक विणावे लागतात. एनईएसमध्ये प्रोग्रॅमची चिप वेगळी आणि चित्रांची वेगळी. या मूळ फाइलीही जपा, फक्त जोडलेली ठेवून भागत नाही.

प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमध्ये चिपचं नाव निवडताना घाई नको. २७सी२५६ आणि २७सी५१२ यांच्या पिना मोजायला सारख्याच, पण चुकीचा प्रकार निवडून 'रीड'ऐवजी 'प्रोग्रॅम'चं बटण दाबलं गेलं तर चिपवर बारा व्होल्टच्या पुढचा दाब जातो. हे काम लॅपटॉपच्या बॅटरीवर करा. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही.

दोनदा वाचली, दोन्ही फाइली वेगळ्या आल्या. आता?

म्हणजे एक तर पिना नीट टेकत नाहीत, किंवा काही बिट उंबरठ्यावर आहेत. आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा वाचा. सलग अनेक वाचनं घ्या, प्रत्येकाचा एसएचए-१ (फाइलीची ओळख पटवणारा आकडा) काढा. तरीही फरक राहिला तर कुठल्या पत्त्यावरचा बाइट बदलतोय ते तपासा. गळती झालेला बिट ० वरून १ कडे झुकतो, उलट होत नाही. त्यामुळे एका वाचनात ० आणि दुसऱ्यात १ आला तर मूळ ० असण्याची शक्यता जास्त. चिपला पुरवठा थोडा कमी व्होल्टेजवर दिला तर असे अशक्त बिट पुष्कळदा पुन्हा ० म्हणून वाचले जातात, कारण वाचतानाचा दाबही त्याबरोबर उतरतो. चांगल्या प्रोग्रॅमरमध्ये ही सोय असते. स्टिकरवर चेकसम लिहिलेला असेल तर तो आता सोन्यासारखा उपयोगी पडतो, कारण तुमची दुरुस्त फाइल त्याच्याशी ताडून बघता येते.

सगळे अशक्त बिट पुन्हा 'भरून' मूळ चिप ताजी करता येते, असं सांगणारे भेटतील. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही. मी मूळ चिपवर कधीही लिहू देणार नाही. नवी चिप शे-दोनशे रुपयांत मिळते, प्रयोग तिच्यावर करा.

वाचून फाइल बाहेर गेली तर कॅसेटची किंमत पडेल ना?

हा वाद जुना आहे. काही संग्राहक 'अजून कुणी न वाचलेली' कॅसेट म्हणून जास्त पैसे मागतात, आणि काही देतातही. वाचणं आणि वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र लक्षात घ्या. फाइल तुमच्या कपाटात राहिली तर जगाला काही कळत नाही आणि तुमचा विमा तेवढा होतो. न वाचलेली चिप विकत घेणारा माणूस आत गेम शाबूत आहे या भरवशावर पैसे टाकतो, आणि तो भरवसा दर उन्हाळ्याला थोडा कमी होतो.

किमतीबद्दल कान टवकारणाऱ्यांसाठी: सोनी आणि निन्टेन्डो यांच्या मोडलेल्या भागीदारीतलं 'निन्टेन्डो प्लेस्टेशन'चं यंत्र २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. तुमच्या कॅसेटला त्याच्या जवळपासही काही मिळणार नाही.

प्रत काढणं कायद्यात बसतं का?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) मध्ये संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसान किंवा नाशापासून संरक्षण म्हणून बॅकअप काढायची मुभा आहे. प्रोटोटाइप बहुधा कंपनीची मालमत्ता म्हणून बाहेर दिलेली असते, तेव्हा 'कायदेशीरपणे बाळगणारा' कोण यावर वाद होऊ शकतो. फाइल इंटरनेटवर टाकणं ही तर पूर्ण वेगळी गोष्ट, तिला हे कलम लागू होत नाही. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला विचारा, गेम विकणाऱ्याला नको.

ठेवायची कशात?

माझी पसंती स्टेनलेस स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्याला, पोह्याचा असतो तसा. प्रकाश शून्य, झुरळ शिरत नाही, गंज नाही. आत कॅसेट चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत. गुलाबी पिशवी स्वतः स्थिर वीज तयार करत नाही एवढंच, बाहेरून येणारा धक्का ती अडवत नाही. अडवते ती चंदेरी. सुट्या काढलेल्या चिपा काळ्या वाहक फोममध्ये खोचा.

भरावासाठी पांढरा पॉलिएथिलीन फोम चालतो. गादीतला पिवळट स्पंज नको. आपल्या दमट हवेत काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो आणि तो लेबलावर बसतो. पीव्हीसीच्या जाड पारदर्शक पाकिटांतून काळानुसार आम्ल सुटतं, रबरबँडमधून गंधक. दोन्ही तांब्या-चांदीची वैरी आहेत. नव्या प्लायवुडच्या कपाटातूनही आम्लाची वाफ येते, त्यापेक्षा लोखंडी कपाट बरं.

ओलावा ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे. छोटा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत येतो, डब्यात एक टाकून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या खोलीत तो किती चढतो ते बघून डब्याचं महत्त्व आपोआप पटेल. महाबळेश्वर-पाचगणी किंवा कासच्या बाजूला राहत असाल तर विचारूच नका, तिथे चपलांनाही बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की बदला. नारिंगीचं हिरवं होणारं जेल घ्या, निळं-गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट असतं. मिरजेत सतारी करणाऱ्यांना दमट हवेशी रोज झगडावं लागतं. ओल म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल.

डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला चालेल?

नाही, तिन्ही नको. डांबरगोळीची वाफ काही प्लॅस्टिक मऊ करते आणि शाईत उतरते. कापराचंही तेच. पाला ओलावा घेऊन येतो. कसरीला लेबलाचा कागद आणि खळ दोन्ही आवडतात, पण घट्ट डबा आणि कोरडी हवा तिला रोखायला पुरेशी आहे.

फ्रिजमध्ये ठेवली तर गळती कमी होईल का?

होईल. पण बाहेर काढताना तिच्यावर दव धरेल आणि त्याने जास्त नुकसान होईल. घरातली सगळ्यात थंड, उत्तरेकडच्या भिंतीची खोली निवडा, तेवढं पुरे.

पुराचं काय? आमचं घर कृष्णेपासून लांब आहे.

'लांब' या शब्दावर सांगलीत कुणी विसंबू नये. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ वेगळेच. हरिपूरच्या पेवांमध्ये पिढ्यान् पिढ्या हळद कोरडी राहायची, २००५ च्या पाण्याने त्यांतली बहुतेक निकामी केली. म्हणून तळमजल्यावर काही ठेवू नका. डबा वरच्या मजल्यावर, पण पत्र्याला लागून नाही. आणि पुलाजवळचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर आलं की उचलायच्या पिशवीत कागदपत्रांबरोबर हा डबा ठरलेला असू द्या.

भिजलीच तर घाबरून चालू करून बघू नका. हीच सगळ्यात मोठी चूक होते. पुराचं पाणी म्हणजे गाळ, सांडपाणी आणि शेतातली खतं, त्यात वीज गेली की पट्टीवरच्या रेषा खाल्ल्या जातात. कवच उघडा, बॅटरी असेल तर वेगळी करा. गाळ वाळायच्या आत डिस्टिल्ड वॉटरने धुवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. नळाचं नको. गाळ चिपांच्या पोटाखाली साचतो, तिथे मऊ ब्रशने पाणी खेळवा. स्वच्छ पाणी उतरू लागलं की ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात फिरवा, म्हणजे उरलेलं पाणी निघतं. पेनने लिहिलेल्या स्टिकरवर अल्कोहोल पडू देऊ नका, शाई जागीच पसरते. ओला स्टिकर चोळू नका. फोटो घ्या आणि टिपकागदाने वरून दाबून पाणी शोषा.

मग पंख्याखाली दोन-तीन दिवस आणि त्यानंतर सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर. पूर ओसरला की अख्खी सांगली गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकते, त्यात ही पट्टी जाऊ देऊ नका. पाण्यातून वाचलेली ईप्रॉम उघड्या खिडकीने चार दिवस उन्हात पडली तर गेम तिथे संपतो.

पिना काळ्या पडल्या आहेत. खोडरबर, ब्रासो, पॉलिश पेपर?

पॉलिश पेपर आणि ब्रासो पूर्ण वर्ज्य. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, एकदा गेला की खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं. खोडरबरातही खर असते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्यांच्या दिशेने पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. फुंकर मारायची लहानपणची सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, खुद्द निन्टेन्डोने ते करू नका म्हणून सांगितलेलं आहे. कवचाचे स्क्रू बहुधा ३.८ मिलिमीटरचे सहा पाकळ्यांचे असतात. त्याचा पाना ऑनलाइन मिळतो. वितळवलेल्या बॉलपेनची युक्ती दुकानातल्या कॅसेटवर करा, इथे नको.

आत बॅटरी आहे. बदलू का?

बदलायची आहेच, पण आधी तिच्या जिवावर टिकलेली माहिती वाचून घ्या. तपासनिसाने तीस वर्षांपूर्वी जतन करून ठेवलेला डाव त्या छोट्या रॅममध्ये असू शकतो, आणि तो दुसरीकडे कुठेही नाही. कार्ट रीडर 'सेव्ह'ची फाइल वेगळी काढून देतो. बॅटरी बहुधा सीआर२०३२ किंवा सीआर२०२५, पत्र्याच्या पट्ट्या जोडलेली घ्या. नुसत्या नाण्यासारख्या सेलवर सोल्डरिंग गन टेकवली तर सेल फुटू शकतो.

कवच पिवळं पडलंय. हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करू का?

नको. त्याला यूव्ही लागते, लेबल खराब होतं आणि प्रोटोटाइपचं पिवळेपण हा तिच्या वयाचाच भाग आहे.

कधीमधी लावून खेळलं तर चालेल ना? सुट्टीत भाचरं येतात, मागे लागतात.

त्यांच्यासाठी वाचलेली फाइल फ्लॅश कार्टवर, म्हणजे फाइली भरून चालवायच्या कॅसेटवर, घालून द्या. गेम तोच, धक्के दुसऱ्याला. मूळ कॅसेट क्वचित लावायची असेल तर यंत्राचा ॲडॉप्टर आधी मल्टिमीटरने तपासा. फॅमिकॉमला आणि पहिल्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हला मधली पिन ऋण असलेला डीसी लागतो, अमेरिकन एनईएसचा मूळ ॲडॉप्टर एसी देतो. आपल्या नकली यंत्रांबरोबर आलेल्या ॲडॉप्टरवर छापलेल्या नऊ व्होल्टवर मी तरी विश्वास ठेवत नाही. यंत्र चालू असताना कॅसेट काढू-घालू नका.

खंडेनवमीला पूजेत ठेवली तर?

ठेवा की, पण हळद-कुंकू डब्यावर वाहा. बारीक पूड पिनांच्या फटीत गेली की निघत नाही. उदबत्तीचा धूरही चिकट थर धरतो.

फाइल कुठे ठेवू? पेनड्राइव्ह पुरेल?

पेनड्राइव्ह स्वतःच फ्लॅश मेमरी आहे, म्हणजे रोग तोच. फाइली अगदी छोट्या असतात, २७सी०१० चिपमध्ये १२८ किलोबाइट मावतात, मेगा ड्राइव्हचा आठ मेगाबिटचा गेम म्हणजे एक मेगाबाइट. एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर, एक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे. तिन्ही प्रती सांगलीतच असल्या तर पूर आला तेव्हा त्या तीन नव्हत्याच. सोबत फोटो, चिपांचे आकडे, कॅसेट कुणाकडून आली याची टिपणं आणि एसएचए-१ कागदावर छापून डब्यात ठेवा. गेम आधी कुणी नोंदवला आहे का हे 'नो-इंट्रो' या गेम-फाइलींच्या यादीत किंवा 'हिडन पॅलेस' या प्रोटोटाइपच्या संकेतस्थळावर ताडता येतं.

परदेशातून मागवतोय. विमानतळावरच्या एक्स-रेने चिप पुसेल?

सामान तपासणाऱ्या एक्स-रेमधून एकदा गेल्याने ईप्रॉम पुसत नाही, चुंबकानेही नाही. चुंबक फ्लॉपीला मारतं, सोबत विकासाच्या फ्लॉपी येत असतील तर त्या वेगळ्या बांधायला सांगा. खरा धोका पार्सल उघडून बघण्याचा. उत्सुकतेपोटी स्टिकर सोलला जातो आणि तसाच पाठवला जातो. विकणाऱ्याला सांगा की खिडकीवर जास्तीची अपारदर्शक पट्टी लाव, आत-बाहेर दोन्हीकडे इंग्रजीत 'चिपवरचा स्टिकर काढू नये' अशी चिठ्ठी टाक, आणि शक्य असेल तर पाठवण्याआधीच वाचून फाइल ईमेल कर. पावतीवर खरी किंमत लिहून घ्या. कमी लिहिली आणि पार्सल हरवलं तर भरपाई तेवढीच मिळते, आणि सीमाशुल्कवाल्यांनी पकडलं तर वरून दंड.